उठतो कसा, ते बघा

मुकुंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच खोलीत, त्याच्याच खुर्चीत बसून चड्डीवर पळणारी परकी मुलं बघत होते. हौसेने नाही. हॉस्पिटलात जाताना त्याने बजावलं होतं, "वहिनी, रेकॉर्डिंग नीट होतंय ना एवढं बघा, तो बॉक्स मध्येच हँग होतो." म्हणून दुपारचा चहाचा मग घेऊन मी वर गेले होते. पडद्यावर अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदिस्त स्टेडियममध्ये धष्टपुष्ट तरुण एकामागून एक पळत होते, बाजूला माणसं घड्याळं लावून उभी होती, आणि टेबलामागे बसलेले सुटाबुटातले तज्ज्ञ एकेकाच्या मांड्यांविषयी इतक्या गांभीर्याने बोलत होते, जणू देशाचा अर्थसंकल्प मांडताहेत. खाली फोन वाजला. माझ्या नवऱ्याने, सुधीरने, तो उचलला. मग बराच वेळ जिन्यावर पावलं वाजली नाहीत... तेव्हाच मला कळलं. पडद्यावरचा तज्ज्ञ सांगत होता की या मुलाचे कुल्ले फार छान फिरतात. माझा दीर गेला त्या दिवसाचं मला आठवणारं शेवटचं वाक्य हे आहे, आणि त्याबद्दल त्या गृहस्थाला मी कधीही माफ करणार नाही.

मुकुंद काय करायचा हे सांगायला गेलं की लोकांचे चेहरे कसनुसे होतात, म्हणून एकदाच सांगून टाकते. अमेरिकेत फुटबॉल नावाचा एक खेळ आहे. त्यात पायाचा चेंडूशी क्वचितच संबंध येतो आणि चेंडूही धड गोल नसतो. कॉलेजात हा खेळ खेळणाऱ्या मुलांना दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस व्यावसायिक संघ पाळीपाळीने निवडून घेतात. याला ड्राफ्ट म्हणतात. आदल्या हंगामात जो संघ सर्वांत वाईट खेळला, त्याला पहिली पसंती. नालायकपणाचं असं जाहीर बक्षीस जगात दुसरीकडे कुठे देत असतील असं मला वाटत नाही. कुठल्या गावात, कुणासाठी खेळायचं हे मुलाला कुणी विचारत नाही. आणि या निवडीच्या आधी काही महिने असंख्य माणसं एकच उद्योग करतात, तो म्हणजे कुठलं पोर किती कामाचं याचे अंदाज बांधणं. त्यातले बहुतेक दर आठवड्याला आपला अंदाज बदलतात आणि चुकले तरी त्यांना कुणी जाब विचारत नाही. ज्योतिष्याला निदान पंचांग तरी उघडावं लागतं. मुकुंद याच धंद्यात होता, फरक इतकाच की तो लंडनजवळच्या स्लाऊमधल्या आमच्या घराच्या लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या खोलीत, बसून तो करायचा.

मी लग्न होऊन आले तेव्हा हा शाळकरी होता, म्हणून मी त्याला अरे-तुरे करायची आणि तो मला शेवटपर्यंत अहो-जाहो. आम्ही स्लाऊला स्थिरावल्यावर काही वर्षांनी पुण्याच्या एका कंपनीने त्याला व्हिसावर इथे पाठवलं. ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका ऑफिसात डेटाबेसचं काम होतं. घर मिळेपर्यंत भावाकडे राहतो म्हणाला. घर मिळालं नाही, कारण त्याने ते शोधलंच नाही. बायकोचंही तसंच झालं. हिवाळ्यात संध्याकाळी चारलाच अंधार होतो, बाहेर जायला जागा नसते, आणि रविवारी टीव्हीवर हा खेळ लागायचा. आधी आम्ही तिघंही हसायचो. मग एका रविवारी मुकुंद हसायचा थांबला. पुढे उभे राहणारे पाच दांडगे असतात, ज्यांच्या हातात चेंडू कधीच येत नाही, मागच्या नाजूक खेळाडूला कुणी चिरडू नये म्हणून जे स्वतः धडका खातात, त्या पाचांवर त्याचा डोळा खिळला. "चेंडूवाल्याला सगळं जग बघतंय वहिनी, त्याला मी कशाला बघू?" पुढे ऑफिसने रिडंडन्सी देऊन नोकरीवरून कमी केलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता ताळ्यावर येईल. त्याने त्याच महिन्यात एका अमेरिकन वेबसाइटसाठी पूर्णवेळ या पाचांवर लिहायला घेतलं.

तो जे लिहायचा ते वाचून कुणाच्याही आईने रडावं. आधी माझ्यावर मराठीत प्रयोग व्हायचा, मग इंग्रजीत उतरायचा. "हा मुलगा लग्नातल्या वरबापासारखा आहे. जागा अडवतो, काम करत नाही." "याला धडक मारायची असेल तर आधी समोरच्याची परवानगी काढावी लागेल." "याच्या पायांत ताळमेळ आहे, पण तो बहुधा दुसऱ्या कुणाच्या पायांशी." मी कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसात आयुष्य काढलंय, लोकांच्या थापा ऐकून ऐकून माझी जीभ आधीच तिखट झाली होती. आमचं त्यामुळे चांगलं जमायचं. एकदा त्याने मला ती मोजमापं दाखवली. मुलांना उघडं उभं करून हाताची लांबी मोजतात, पंजा मोजतात, पळवतात, आणि नंतर खोलीत बसवून उलटसुलट प्रश्न विचारतात. मी म्हटलं, "हे सगळं मी सांगलीला पाहिलंय. फक्त आम्हाला साडी असायची आणि पोहे आम्हालाच करावे लागायचे."

"मग तुम्हाला ग्रेड काय मिळाला होता?"

"मी तुझ्या भावाला पसंत केलं. पारख कोणाची कच्ची होती ते उघड आहे."

सुधीर शेजारी पेपर वाचत बसला होता. त्याने पान उलटलं.

पण मुकुंदची बघण्याची एक तऱ्हा होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तो टीव्हीचा आवाज बंद करून बघायचा, कारण समालोचकांना तोंड असतं, डोळे नसतात, असं त्याचं ठाम मत. धडक होईपर्यंत तो चुरमुरे खात असायचा. शिट्टी वाजली, खेळ थांबला, सगळं जग जाहिरातींकडे वळलं, की हा खुर्चीत पुढे सरकायचा. ढिगाऱ्यातून त्याचा माणूस कसा उठतो ते बघायचा. मागे घ्यायचा, परत बघायचा. "पडतो कसा हे कुणीही सांगेल. उठतो कसा, ते बघा." कुणी लगेच उठतो, कुणी आधी इकडेतिकडे बघतो की आपल्याला कोण बघतंय, कुणी दुसऱ्याला हात देतो, कुणी गुडघ्यावर थांबून श्वास चोरतो. माणूस खेळताना नाटक करू शकतो, उठताना विसरतो, असं तो म्हणायचा. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सुद्धा हा आरतीकडे पाठ करून, जेवणानंतर खुर्च्या कोण उचलतो ते बघत उभा राहायचा आणि घरी येताना गाडीत एकेका पदाधिकाऱ्याचा निकाल लावायचा. त्या निकालांतले बरेचसे मला आजही तोंडपाठ आहेत, पण ती माणसं हयात आहेत.

अमेरिकेत त्याचं नाव होतं असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. त्याच्या भाषेचे चाहते होते, त्याच्या डोळ्यांचे नव्हते. स्लाऊमधला एक इंडियन, ज्याने आयुष्यात हा चेंडू हातात धरलेला नाही, तो आम्हाला काय शिकवणार, असा सूर असायचा. तो वरवर हसायचा. पण त्याला काय हवं होतं हे घरात मला एकटीला माहीत होतं. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या विरुद्ध, एक गोष्ट दिसावी, ती त्याने लिहावी आणि ती खरी ठरावी. एकदाच. मग ते इंडियन म्हणायचे थांबले असते, निदान त्याला तसं वाटायचं.

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. मी चहा घेऊन वर गेले तर पडद्यावर एक अगडबंब मुलगा जमिनीवरून उठत होता. मुकुंदने मागे घेतलं. मुलगा पडला, उठला. परत मागे.

"काय दिसतंय वहिनी?"

"एक जाडा उठतोय."

"कुठल्या हाताने?"

मी बघितलं. उजवा पंजा जमिनीवर, डावा हात अंगाशी, जणू काखेत थर्मामीटर धरलाय. त्याने दुसरा सामना लावला, मग तिसरा. प्रत्येक वेळी तेच. "डावा खांदा गेलाय याचा. लपवतोय. अख्ख्या अमेरिकेने याला पहिल्या फेरीत धरलंय आणि एकालाही दिसलेलं नाही." त्याचे डोळे असे चमकत होते की मला दाराशी उभ्या उभ्या समजलं, याला ती हवी असलेली गोष्ट सापडली. मी म्हटलं, मग लिही. लिहितो, म्हणाला, आणि चहा घ्यायला खुर्चीतून उठला.

आणि मला दिसलं. उजवा हात खुर्चीच्या हातावर रोवला, क्षणभर थांबला, कमरेतून किंचित वाकडा झाला, मग वर आला. चेहऱ्यावर हसू तसंच होतं.

"आणि तू कुठल्या हाताने उठतोस?"

"चहा गार होतोय वहिनी."

"मागे घे. बस खाली. परत उठून दाखव."

तो बसला. माझ्याकडे बघत राहिला. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून उठायला गेला... आणि उठू शकला नाही. पडद्यावर तो जाडा आपला अर्धवट उठलेला, तसाच थांबला होता. मुकुंदची पाठ उन्हाळ्यापासून दुखत होती. सुधीरला सांगू नका म्हणाला, एप्रिलमध्ये ड्राफ्ट झाला की दाखवतो म्हणाला. मी त्याला त्याच्याच भाषेत जे काही ऐकवलं ते छापण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपीची, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरची, लाइन उघडल्या उघडल्या मी फोन लावला. रिसेप्शनवरच्या पोरीने विचारलं, इट कॅन वेट, कान्ट इट? तिला म्हटलं, डिअर, मी जन्मभर लोकांना थांबायला सांगायची नोकरी केली आहे, मला नको सांगूस. त्याच आठवड्यात तपासण्या झाल्या. मणक्यापर्यंत पोचलं होतं. आधी आला असता तर, या प्रश्नावर तो तरुण कन्सल्टंट छताकडे बघत बरंच काही बोलला, त्याचा अर्थ त्यालाही लागला नसावा. आमची केतकी एडिनबराहून ट्रेनने धावत आली. ती इथेच जन्मलेली, तिचं मराठी तसंच. काकाच्या पलंगाशी उभी राहून ओरडली, "सीरियसली काका, तू जीपीला गेला का नाही? सगळ्यांना फूल केला तू! एवढा स्टुपिड माणूस मी बघितला नाही!" मुकुंद मला म्हणाला, "हा रिपोर्ट पास. एक शब्द काढू नका यातला." मग केतकी त्याच्या गळ्यात पडली आणि त्याने तिला उजवीकडून घेतलं, तेही मी बघितलं. एकदा ती सवय लागली की सुटत नाही.

जानेवारीत वेबसाइटला पोरांवरचे रिपोर्ट द्यायची त्याची वेळ झाली. केमो चालू होती, तो ब्लँकेट गुंडाळून खुर्चीत बसलेला असायचा आणि एकेका पोराची सालटी काढायचा, आवाज तेवढा बारीक झाला होता. एका दुपारी मी विचारलं, "त्या खांद्याचं लिहिलंस?"

"नाही."

"का?"

"संघांकडे डॉक्टर आहेत. त्या पोराला आडवा-उभा करून बघणार आहेत. त्यांना दिसत नसेल तर त्यांच्या वतीने मी का डोळे फोडून घेऊ?"

"हे उत्तर दुसऱ्या कुणी दिलं असतं तर तू त्याला जिवंत सोडला असतास का?"

तो हसला, मग हसणं दुखलं म्हणून थांबला. "सबंध सीझन खेळलाय तो तसा. इतकी धडाधड पडापड, आणि एकदाही डावा हात टेकला नाही त्याने. एकदाही विसरला नाही. मूर्ख आहे. पहिल्या फेरीतला मूर्ख. पण असं लपवून रोज उठायला काय लागतं... ते मला ठाऊक आहे ना आता. मी लिहिलं की तो खाली घसरणार. त्याला घसरवून मी मोठा होऊ?"

मी म्हटलं, हा खोटेपणा आहे. तो म्हणाला, आहे. मला राग आवरेना. इतकी वर्षं ज्याने कुणाची गय केली नाही, त्याने नेमकी इथे करावी, आणि कशासाठी, तर दुखणं लपवण्यासाठी! "तुझं कुणी वेळेत लिहिलं असतं," मी म्हटलं, "तर तू आज या ब्लँकेटमध्ये नसतास."

खाली सुधीर भांडी लावत होता, त्याचा आवाज येत होता.

"तुम्ही लिहिलंत की," तो म्हणाला.

"उशिरा."

"तुम्हाला टेप उशिरा मिळाली, वहिनी."

रिपोर्ट गेला. त्यात त्या मुलाच्या पायांची, श्वासाची, उभं राहण्याची, अगदी हेल्मेट घालण्याच्या पद्धतीचीसुद्धा अशी खरडपट्टी होती की वाचणाऱ्याला वाटावं, यापलीकडे या पोरात दोषच उरला नसेल. खांद्याचा उल्लेख नव्हता. मला ते पटलं नव्हतं आणि आजही पटलेलं नाही. त्या मुलाचं नाव मात्र मी लिहिणार नाही. अमेरिकन संघमालकांपैकी कुणी मराठी पुरवणी वाचत असेल, तर त्याने खुशाल शोधून काढावं.

मुकुंद गेल्यावर त्या वेबसाइटने त्याच्यावर लेख छापला. त्याचा सारांश असा, की या माणसाने कधी कुणाला सोडलं नाही आणि जे दिसलं ते कधी लपवलं नाही. जिवंतपणी ज्याला इंडियन म्हणून टोलवला, तो आता त्यांचा हिरा झाला होता. मंडळाच्या शोकसभेत तर कहर झाला. "क्रिकेटचं काही का करत नाहीस?" एवढंच वर्षानुवर्षं विचारणारे एक पदाधिकारी गहिवरून म्हणाले की मुकुंदने स्लाऊचं नाव साता समुद्रापार नेलं. समुद्र एकच लागतो, पण असो. मी तिथेही भाषण करणाऱ्यांकडे बघितलं नाही. सभा संपल्यावर खुर्च्या कोण उचलतो ते बघत बसले. सुधीरने उचलल्या. एकट्याने. पारख इतकीही कच्ची नव्हती माझी.

सुधीरला ती खोली आवरायची होती. टीव्ही राहू दे, पण खुर्ची चॅरिटी शॉपला देऊ या म्हणाला. त्यांची माणसं आली, खुर्ची उलटी करून बघितली, लवकर पेट घेत नाही असं सांगणारं फायर लेबल नाही म्हणाली, नियमात बसत नाही. मी मनात म्हटलं, बसणारा होता तोही तुमच्या कुठल्या नियमात बसला नाही. त्यांनी दुसऱ्या कशाकडे बघितलंच नाही, नाहीतर त्यांना दिसलं असतं की उजव्या हाताचं कापड झिजून आतला स्पंज दिसतोय आणि डावा हात नव्यासारखा आहे. खुर्ची परत वर गेली.

गेल्या आठवड्यात ड्राफ्ट झाला. आमच्याकडे तो ऐन रात्री असतो, म्हणून बॉक्सवर लावून ठेवला आणि सकाळी चहा घेऊन त्याच्या खुर्चीत बसून बघितला. आवाज बंद करून. तेच सूट, तेच टेबल, ज्यांचा एकही अंदाज बरोबर येत नव्हता तेच तज्ज्ञ. आणि मग तो. स्टेडियमवर नाही, स्वतःच्या घरी, सोफ्यावर, सगळं गणगोत भोवती, कानाला फोन. पहिल्याच फेरीत. डॉक्टरांनी आडवा-उभा करून बघितला असणार, आणि दिसलं असेल किंवा नसेल, मला काय त्याचं. घरातले सगळे उड्या मारत होते. त्याची आई रडत त्याच्याकडे झेपावली, आणि तो उठला. उजवा पंजा सोफ्याच्या हातावर, डावा हात अंगाशी. आईला त्याने उजवीकडून जवळ घेतलं.

"काय धिप्पाड आहे पोरगा," सुधीर दारात उभा राहून म्हणाला. "कुठला गं?"

मी रिमोट उचलला आणि मागे घेतलं. आई मागे गेली, उड्या मारणारे खाली आले, आणि तो पुन्हा सोफ्यावर बसला, कानाला फोन लावून. मी त्याला तसाच थांबवला. माझा उजवा हात खुर्चीच्या त्या झिजलेल्या जागेवर होता.

"उठ," मी म्हटलं, आणि बटण दाबलं.

तो उठला.